घरी काडतुसं भरावीत का? जुनं प्रेस मिळत असलेल्या ट्रॅप नेमबाजाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. दर आठवड्याला ट्रॅपच्या (हवेत सोडलेल्या ‘क्ले’ नावाच्या चकत्या शॉटगनने फोडण्याच्या खेळाच्या) चार फेऱ्या, म्हणजे १०० काडतुसं, बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप). ओळखीचे एक ज्येष्ठ नेमबाज आता खेळणं थांबवताहेत आणि त्यांचं काडतुसं भरण्याचं सिंगल-स्टेज (एका वेळी एकाच पुंगळीवर काम करणारं) प्रेस द्यायला तयार आहेत. घरी तीन-चार कंपन्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांची दोन पोती साठली आहेत. पैसे वाचतील का, धोका किती, आणि डेटा-पुस्तकात (तपासलेल्या भरणीच्या कृतींच्या छापील पुस्तकात) सांगितलेला वॉड (पावडर आणि छर्रे यांच्यामधला प्लास्टिकचा पेला) मिळाला नाही तर दिसायला तसाच दुसरा चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. नाही, चालणार नाही.

मी वीस-बावीस वर्षं काडतुसं भरतोय. या काळात ज्यांना अडचणीत आलेलं पाहिलं, त्यांतले बहुतेक जण निष्काळजी नव्हते, हुशार होते. ‘हा वॉडही पांढराच आहे, तेवढाच उंच आहे, काय फरक पडतो’ असं म्हणणारे. स्वयंपाकात धने नसले तर जिरं वाढवून भागतं. इथे भागत नाही, आणि का भागत नाही हे एकदा समजलं की पुस्तकातला एक शब्दही बदलावासा वाटत नाही.

शॉटगनची नळी पातळ असते. बारा बोअरच्या नेहमीच्या पावणेतीन इंची काडतुसाला दाबाची कमाल मर्यादा ११,५०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. तुलनेला .३०८ विंचेस्टर रायफलचं काडतूस घ्या, तिथे ती ६२,००० आहे. म्हणजे आपल्याकडे मुळात हातात फार काही नाही. त्यातून रायफलवाल्याला निदान चपटा झालेला प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली टोपी), जड निघणारा बोल्ट (रायफलची मागची कडी) अशी काही चिन्हं दिसतात. शॉटगनच्या पुंगळीवर दाब वाढल्याची भरवशाची खूण उमटतच नाही. काडतूस नेहमीसारखंच वाजतं, क्ले नेहमीसारखाच फुटतो, आणि तुम्ही मर्यादेच्या आत आहात की दोन हजारांनी पुढे, हे डोळ्यांना कळत नाही. ते प्रयोगशाळेतल्या दाब मोजणाऱ्या नळीलाच कळतं. डेटा-पुस्तक म्हणजे त्या नळीचं लेखी म्हणणं.

आता त्या पुस्तकातल्या एका कृतीत काय काय असतं ते पाहा. पुंगळी, प्रायमर, पावडर (म्हणजे बंदुकीची दारू), वॉड, छर्रे. पाचही नावानिशी दिलेले असतात. प्रायमर सगळे २०९ नंबरचे, एकाच मापाचे, एकाच भोकात बसणारे. पण काही गरम, काही थंड. बाकी चारही गोष्टी त्याच ठेवून नुसता प्रायमर बदलला तरी दाब हजार-दोन हजार पीएसआयने सरकू शकतो. पुंगळीचं तसंच. विंचेस्टर एए किंवा रेमिंग्टन एसटीएसच्या पुंगळ्या आतून बुडाकडे निमुळत्या होत जातात. फेडरल गोल्ड मेडल, चेडाइट, फिओकी यांच्या भिंती सरळ उभ्या, बुडाशी वेगळा बेस-वॉड, आणि आतली जागा जास्त. निमुळत्या पुंगळीसाठीचा वॉड सरळ पुंगळीत टाकला की त्याची खालची वाटी भिंतीला नीट चिकटत नाही आणि गॅस बाजूने निसटतो. उलट केलंत तर वॉड घट्ट अडतो, बसवताना त्याची कड दुमडते आणि पावडरीवरची जागा बदलते. आपल्याला दिसतो तो प्लास्टिकचा एक पेला. पावडरीच्या लेखी तोच पिस्टन आणि तीच गास्केट.

म्हणून माझा सल्ला असा: एक पुंगळी, एक प्रायमर, एक पावडर, एक वॉड, छर्र्यांचं एक वजन. पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या चालू डेटामध्ये छापलेली एकच कृती निवडा आणि वर्षभर तीच भरा. वॉड मिळत नसेल तर जो वॉड मिळतो त्याची छापील कृती शोधा आणि बाकी सगळं तिच्याप्रमाणे आणा. सामान पाहून कृती निवडायची. सामान पाहून कृती दुरुस्त करायची नाही. शिशाच्या छर्र्यांच्या जागी स्टीलचे छर्रे टाकण्याचा विचारही नको. त्यांचा वॉड वेगळा, डेटा वेगळा, सगळंच वेगळं.

पैशांचं आता सांगतो. २५ पौंडांची छर्र्यांची पिशवी म्हणजे एक औंसाची ४०० काडतुसं. तुमच्या वेगाने चार आठवडे. एक पौंड पावडर म्हणजे ७,००० ग्रेन. काडतुसाला १८ ग्रेन धरले (हा आकडा फक्त हिशेबासाठी, कृती म्हणून नाही) तर ३८८ काडतुसं. म्हणजे एक पिशवी आणि एक डबा जवळजवळ बरोबरीने संपतात. प्रायमर आणि वॉड प्रत्येकी शंभराला शंभर. पुंगळी तेवढी फुकट, कारण तिचे पैसे तुम्ही आधीच मोजलेत. या चारांत शिसं सगळ्यांत महाग पडतं, आणि कारखाना शिसं टनांनी घेतो, आपण पिशवीने. त्यामुळे बारा बोअरच्या साध्या टार्गेट काडतुसात बचत फारशी होत नाही. कधीकधी अजिबात होत नाही. २८ बोअर किंवा .४१० खेळणाऱ्यांची गोष्ट वेगळी. .४१० मध्ये छर्रे अर्धा औंस, २८ मध्ये पाऊण औंस. शिसं कमी लागतं, पण विकतचं काडतूस बाराच्यापेक्षा महाग असतं. अमेरिकी पद्धतीचं स्कीट (क्ले फोडण्याचाच दुसरा प्रकार) चार वेगवेगळ्या बोअरच्या बंदुकांनी खेळणारे बहुतेक जण घरी भरतात ते यासाठी.

मग बारावाल्याने हा उद्योग का करावा? माझं उत्तर खांद्याशी संबंधित आहे. मी सुरुवातीला सव्वा औंसाच्या जरा आतली, १⅛ औंसाची काडतुसं मारायचो. चौथ्या फेरीत गालफड सुजल्यासारखं व्हायचं आणि ट्रिगर ओढायच्या आधी डोळा मिटायचा. फ्लिंच. घरी ⅞ औंसाची भरायला लागलो. तीच बंदूक आणि छर्र्यांचा तोच वेग धरला तर धक्क्याची ऊर्जा साधारण एक-तृतीयांशाने कमी होते. छर्रे कमी झाले हे खरं. आठ नंबरचे औंसाला सुमारे ४१० बसतात, म्हणजे ⅞ मध्ये साधारण ३६०. पण ऑलिंपिक ट्रॅपची मर्यादाच २४ ग्रॅम आहे, ⅞ औंसाहूनही किंचित कमी, आणि तिथे क्ले जास्त वेगाने जातात. माझे सुटणारे क्ले छर्रे कमी पडल्यामुळे सुटत नव्हते. तुमच्या बंदुकीला, तुमच्या खांद्याला मानवेल असं नेमकं काडतूस हवं तेव्हा हवं तेवढं मिळणं, हा खरा लाभ. आणि दुसरा म्हणजे संध्याकाळी तासभर काही न बोलता हाताने काम करण्यातलं सुख. ते ज्याला आवडतं त्यालाच आवडतं.

आता ते प्रेस. जरूर घ्या. मेक (MEC) कंपनीचं ६०० ज्युनियर किंवा त्या जातीचं काही असेल तर पहिल्या दोन वर्षांना त्याहून चांगला शिक्षक नाही. प्रोग्रेसिव्ह प्रेसच्या मागे आत्ता लागू नका. तिथे दांडा एकदा ओढला की पाच-सहा पुंगळ्यांवर पाच-सहा कामं एकदम होतात, आणि एक चूक झाली की ती कोणत्या पुंगळीत गेली हे नवख्याला कळत नाही. सिंगल-स्टेजवर तासाला शंभरएक होतात. तुम्हाला लागतात तेवढीच.

घेताना त्यांच्याकडून चालवून दाखवून घ्या. मोजदांडा, म्हणजे छर्रे मोजणारा तो सरकणारा चार्ज-बार, किती औंसाचा आहे ते त्यावर कोरलेलं असतं; तुमच्या कृतीशी जुळत नसेल तर दुसरा लागेल. पावडरीचं बुशिंगही (किती पावडर पडावी ते ठरवणारी भोकाची कडी) कृतीनुसार बदलावं लागेल. घड्या पाडणारं सुरुवातीचं टोपण सहा पाकळ्यांचं आहे की आठ, ते पाहा. मूळ पुंगळीला जेवढ्या घड्या असतील तेवढ्याच पुन्हा पडायला हव्यात. प्रेससोबत पावडरीचे अर्धवट डबे मिळत असतील तर आभार मानून परत करा. डबा उघडा असेल तर वरच्या लेबलवर विश्वास ठेवायचा नाही, देणारा माणूस कितीही सज्जन असो. आणि आंबूस, झोंबरा वास किंवा गंजासारखी तांबूस धूळ दिसली तर ती पावडर बिघडली आहे हे त्यांनाही सांगा.

पोत्यांबद्दल वाईट बातमी आहे: दोन पोत्यांतलं दीड टाकावं लागेल. ज्या कंपनीच्या पुंगळ्या सर्वांत जास्त असतील त्या ठेवा, बाकी विसरा. ठेवलेल्यांतली एकेक हातात घ्या. तोंडाशी चीर, बाजूला काळं टाचणीएवढं भोक, पितळेजवळ जळाल्याचा डाग, यांतलं काही दिसलं की बाद. आत दिवा धरून बूड पाहा. वेगळा बेस-वॉड असलेल्या पुंगळीत तो सैल झालेला असू शकतो, आणि तो सुटून नळीत अडकला तर पुढचा बार घात करतो. प्रायमर बसवताना अंगठ्याने सहज आत गेला तर खाच सैल झाली, तीही बाद. दुसऱ्याच्या बंदुकीतून निघालेल्या पुंगळ्यांचं पितळ फुगलेलं असू शकतं. भरून झाल्यावर चेंबर-गेजमध्ये (चेंबर, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं ती जागा, तिच्या मापाच्या साच्यात) टाकून पाहा, आपोआप आत जाऊन आपोआप बाहेर पडली पाहिजे. चांगली पुंगळी पाच-सात वेळा भरून होते. मी बुडावर मार्करने रेघ मारतो, दर भरणीला एक. पाच रेघा झाल्या की आडवी रेघ मारून शेवटची सहल.

भरणं प्रत्यक्षात कसं असतं ते एकाच काडतुसावर सांगतो. पुंगळी पहिल्या ठिकाणी ठेवून दांडा ओढला की जुना प्रायमर टिक करून खाली पडतो आणि पितळ मापात येतं. दुसऱ्या ठिकाणी नवा प्रायमर. इथे हात हलका हवा. प्रायमर दाबून बसतो, ठोकून नाही. अडला तर जोर करायचा नाही, पुंगळी काढून पाहायचं. बसलेल्या प्रायमरवरून बोट फिरवलं की तो पितळेच्या सपाटीत किंवा केसभर आत लागला पाहिजे. वर आलेला चालत नाही. तिसऱ्या ठिकाणी पावडर, मग वॉड, मग छर्रे. पावडर पडताना बारीक सरसर ऐकू येते. छर्रे पडताना पत्र्यावर पावसाची एक सर यावी तसा आवाज. महिन्याभरात कानाला याची इतकी सवय होते की सर अर्धी आली तरी हात थांबतो. चौथ्या ठिकाणी घड्यांची सुरुवात, पाचव्या ठिकाणी तोंड बंद. झालेल्या काडतुसाचं तोंड सपाट, किंचित खोलगट हवं; कडेपासून दीडएक मिलिमीटर आत. मधोमध भोक राहिलं तर छर्रे गळतात. तोंड फुगून आलं तर आत माल जास्त झालाय, खड्डा पडला तर कमी. एक्स-रे नसलेल्या घरात ही घडीच तुमचा एक्स-रे. ती बदलली की मशीन दुरुस्त करण्याआधी विचारा: आत काय बदललं?

पावडर वजनाने मोजली जात नाही, आकारमानाने पडते. बुशिंगच्या तक्त्यात लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्ष पडणारी पावडर यांत फरक असतोच. बहुधा तक्त्यापेक्षा कमी पडते. म्हणून काटा हवाच. पहिल्या दहा मापांची पावडर परत डब्यात टाका, कारण पावडर अजून बसत असते. पुढची दहा वेगवेगळी तोला. तोलताना दांडा रोजच्यासारखाच ओढा. पुंगळीशिवाय हळुवार सरकवून घेतलेलं माप आणि धडधड करत पडलेलं माप वेगळं येतं. डिजिटल काटा ग्रेनवर आहे की ग्रॅमवर, हे दर वेळी पाहा. १८ ग्रेन म्हणजे सव्वा ग्रॅमसुद्धा नाही.

काडतुसांच्या खोक्यावर ‘३ ड्रॅम’ असं छापलेलं असतं, त्याबद्दलही सांगतो. ते पावडरीचं वजन नाही. जुन्या काळ्या दारूच्या तीन ड्रॅमनी जो वेग मिळायचा, तेवढा वेग, एवढाच त्याचा अर्थ. तीन ड्रॅम म्हणजे ८२ ग्रेन. आजची धूरविरहित पावडर कोणी तेवढी भरली तर बंदूक आणि हात दोन्ही जातील.

माझी चूक सांगतो. चौथ्या-पाचव्या वर्षातली, म्हणजे येतं-येतं असं वाटायला लागतं तेव्हाची. ट्रॅपच्या तिसऱ्या जागेवर उभा होतो. क्ले सुटला, ट्रिगर ओढला, आणि ‘ढम्म’च्या जागी नुसतं ‘फुस्स’ झालं. छर्रे नळीतून ओघळून पुढच्या गवतात पडले. मराठीत फुसका बार म्हणतात तो अक्षरशः. क्ले जाताना दिसत होता आणि हात सवयीने पुढचं काडतूस घ्यायला निघाला होता. शेजारच्या जागेवरच्या गृहस्थांनी ‘थांबा!’ म्हणून एवढ्या जोरात ओरडून सांगितलं की सगळी रांग थांबली. बंदूक उघडली, रिकामी केली, चेंबरच्या बाजूने आभाळाकडे धरून पाहिलं. उजेडाचा गोल दिसायला हवा होता. दिसला अंधार. वॉड नळीत मध्यावर अडकून बसला होता. लाकडी दांडीने तोंडाकडून ठोकून काढला तेव्हा माझे हात थरथरत होते. पुढचं काडतूस टाकलं असतं तर नळी फुटली असती, आणि डावा हात नेमका तिथेच असतो.

कारण घरी गेल्यावर आठवलं. भरताना मध्येच कोणीतरी हाक मारली, उठलो, परत येऊन वॉडपासून पुढे सुरू केलं. पावडर पडलीच नव्हती. एकट्या प्रायमरने वॉड अर्ध्यापर्यंत ढकलला होता. तेव्हापासून मध्ये उठावं लागलं तर दांड्याखालची पुंगळी ओतून टाकतो आणि पहिल्यापासून भरतो. वॉड ठेवण्याआधी आत डोकावतो. त्यासाठी प्रेसवर एक छोटा दिवा तिरपा लावून ठेवलाय. काही जण तयार काडतुसं तोलून चूक शोधतात, पण त्यावर भिस्त ठेवू नका. एक औंस छर्रे म्हणजे ४३७ ग्रेन. त्यांच्या आणि पुंगळीच्या वजनातला नेहमीचा चढउतारच एवढा असतो की पावडरीचे अठरा ग्रेन त्यात बेमालूम लपतात.

तर आवाज वेगळा आला की थांबायचं, उघडायचं, आरपार पाहायचं. दर वेळी. थंडीत तर जास्तच, कारण कमी दाबाच्या हलक्या कृती उन्हाळ्यात छान चालतात आणि कडाक्याच्या थंडीत फुसफुसायला लागतात.

याच जातीचा आणखी एक अपघात घरात वीस बोअरची बंदूक आली की होतो. वीसचं काडतूस बारीक असल्याने बाराच्या चेंबरमधून पुढे घसरून नळीच्या सुरुवातीला अडकतं. चेंबर रिकामं दिसतं, मागून बाराचं जातं. वीस बोअरची काडतुसं पिवळी असतात ती यासाठीच. दोन बोअरचं सामान एका टेबलावर, एका खिशात, एका पिशवीत नको.

टेबलाचे बाकीचे नियम भराभर सांगतो. टेबलावर पावडरीचा एकच डबा. काम संपलं की हॉपरमधली (प्रेसवरच्या पावडरीच्या बाटलीतली) पावडर त्याच डब्यात परत; रात्रभर ठेवलीत तर काही पावडरी हॉपरचं प्लास्टिक खातात, आणि सकाळी ती कोणती होती हे कोणाला आठवणार? प्रायमर मूळच्या खोक्यातच ठेवायचे, बाटलीत ओतून नाही. सिगारेट नाही, हे सांगायला लागू नये. खाणं-पिणंही नाही. शिसं हातावर येतं, जुन्या प्रायमरच्या राखेतही असतं. म्हणून उठलात की साबणाने हात धुवा, फरशी कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

पहिली २५ झाली की क्लेवर मारू नका. मोठ्या कागदावर ४० यार्डांवरून मारा, सर्वांत दाट जागेभोवती ३० इंचांचं वर्तुळ काढा आणि आतली भोकं मोजा. फुल चोकने (नळीच्या तोंडाशी सर्वांत जास्त आवळलेल्या भागाने) ७० टक्क्यांच्या आसपास छर्रे आत यावेत अशी अपेक्षा असते. मऊ शिशाचे छर्रे नळीतच चेपतात आणि भरकटतात. शिशात अँटिमनी हा धातू जास्त मिसळलेले कडक छर्रे घट्ट पॅटर्न (छर्र्यांचा पसारा) देतात. या एका कागदावर बसून जे कळतं ते शंभर क्ले फोडून कळत नाही. वेग मोजायचं क्रोनोग्राफ कोणाकडे असेल तर मागून घ्या. दहा बारांतला कमाल-किमान फरक फार असेल तर आधी घड्या पाहा.

हे सगळं सुरू करण्याआधी दोन चौकशा करा. तुमच्या परवान्यात आणि तुमच्याकडच्या कायद्यात घरी काडतुसं भरायला, पावडर-प्रायमर बाळगायला परवानगी आहे का, ते लेखी तपासा; नसेल तर विषय तिथेच संपतो. दुसरं, तुम्ही ज्या स्पर्धा खेळता तिथे घरची काडतुसं चालतात का. कित्येक ठिकाणी फक्त कारखान्याचीच चालतात, आणि मग सरावाचं काडतूस स्पर्धेच्या काडतुसाच्या वेगाशी जुळवून भरावं लागतं, म्हणजे कृती निवडताना वेगाचा रकानाही पाहावा लागतो.

वॉड येईपर्यंत प्रेसला हात लावू नका. तोवर ती दोन पोती घेऊन बसा.